आबांची विहिरींची वही

बोरुडे माळ, कोल्हार
८ जानेवारी १९७३

ज्यांनी विद्यापीठासाठी जमिनी दिल्या, ज्यांच्या बैलगाड्यांनी त्याच्या पायाचे दगड वाहिले, आणि ज्यांना आज त्याच इमारतीच्या दारात चपला काढून उभं राहावं लागतं, अशा माझ्या तमाम बंधूंनो,

हे खोडतो. सवयीने अनेकवचन आलं. या पत्राला श्रोता एकच आहे, आणि तोही दोन वर्षांत माझ्यासमोर बसलेला नाही.

श्री. रंगनाथ भीमाजी बोरुडे, सहायक, विद्यापीठ ग्रंथालयाची भंडारदरा शाखा, यांस.

आशीर्वाद लिहिले नाहीत. विसरलो नाही, राखून ठेवले आहेत. पण वरची तक्रार खोडली तरी ती तुझीही आहे. आपल्याच बापाने लिहिलेली वही आपल्याच मातीवर बांधलेल्या इमारतीत पडून आहे, आणि आपल्या दोघांपैकी एकालाही ती बघता येत नाही. मला तिथे शिरू देत नाहीत म्हणून, आणि तुला तिथून ऐंशी मैलांवर नेऊन बसवलं म्हणून. तुझ्या बदलीशी माझा काही संबंध नव्हता, हे पुन्हा एकदा लिहून ठेवतो.

आता कामाचं. माळावरच्या नऊही विहिरी आटल्या. कालवा खालून जातो, तो आपल्याला नुसता दिसतो. अकरा घरांनी मिळून ठरवलंय की एकच विहीर निवडायची आणि सगळ्यांनी मिळून ती खोल करायची. नऊ विहिरी खोदायला ना माणसं आहेत, ना त्यांच्या अंगात तेवढा जोर. १९ फेब्रुवारीच्या सोमवारी कुदळ पडली पाहिजे. नाही पडली तर घरं जनावरं घेऊन छावणीकडे निघतील आणि माणसं खडी फोडायला. मग माळावर कोण राहील? मी आणि माझा आवाज.

विहीर कोणती, यावर तीन पाणाडे आणून झाले. पहिल्याने काठी फिरवून दगडाबाईची विहीर दाखवली. दुसऱ्याने चिंचेखालची. तिसऱ्याच्या तळहातावरचा नारळ उभा राहिला तो थेट आपल्या चुलीपाशी. मनकर्णा म्हणाली, "तिथं पाणी न्हाई, सकाळपासनं चहाला आधन ठिवलंय त्याचा वास लागलाय मेल्याला."

आबांनी एकवीस वर्षं दर उन्हाळ्यात नऊही विहिरींचं पाणी मोजून वहीत लिहिलं. तुला सांगायला नकोच, दोराचं एक टोक तुझ्या हातात असायचं. टोकाला दगड, दोराला हाता-हातावर गाठ. दगड तळाला टेकवायचा, दोर वर ओढायचा, ओल्या गाठी मोजायच्या. बावन्नच्या दुष्काळात कोणत्या विहिरीत शेवटपर्यंत पाणी टिकलं, हे त्या वहीत आहे. मला ते चांगलं आठवतं. फक्त माळावरचे लोक माझ्या शब्दावर विसंबत नाहीत, म्हणून कागदाचा आधार हवा.

म्हणून मी परवा ग्रंथालयात गेलो. दारात बन्सी शिपाई. म्हणाला, चपला बाहेर, पिशवी बाहेर, पास दाखवा. पास विद्यार्थ्याला मिळतो, प्राध्यापकाला मिळतो. शेतकऱ्याला मिळायचा तर राजपत्रित अधिकाऱ्याची शिफारस लागते. मी त्याला विचारलं, ही इमारत कुणासाठी आहे? तो म्हणाला, "अण्णा, ते मला न्हाई म्हाईत. मी दार संबाळतो."

मनुष्य प्रामाणिक आहे. त्याने मला तुमचा तो लाकडी खणांचा उंच डबा तेवढा बघू दिला, ज्यात प्रत्येक पुस्तकाचं एक कार्ड असतं. आणि खण ओढल्याबरोबर तुझं अक्षर: "बोरुडे, भीमाजी. माळावरील विहिरींच्या पाण्याची वही. हस्तलिखित. पृष्ठे ८४." रंगनाथ, खोटं बोलणार नाही, तुझं अक्षर बघून मला बरं वाटलं. मग आठवलं की आपण बोलत नाही.

चिठ्ठी भरली. बन्सी आत गेला. आत म्हणजे जिथे पुस्तकं राहतात आणि वाचकाने पाऊल टाकायचं नसतं तिथे. वीस मिनिटांनी आला. "न्हाई जागेवर," म्हणाला.

तेव्हा तुला विचारतो. विचारत नाही, जाब मागतो. वही कुठे आहे? हजार पुस्तकांचे दाखल क्रमांक तुला तोंडपाठ असतात. लहानपणी रस्त्याने जाताना मैलाच्या दगडांचे आकडे बडबडत चालायचास. बापाच्या वहीचा ठावठिकाणा मात्र माहीत नाही असं म्हणू नकोस.

सहादेव

ता. क. मनकर्णाचं राहीला पत्र वेगळ्या पाकिटात आहे. त्याचा या पत्राशी संबंध नाही.


१९ जानेवारी

श्री. रंगनाथ यास,

तुझं उत्तर आलं नाही. राहीचं आलं.

आता एकदा स्पष्ट बोलूच. तुझी बायको माझ्या बायकोची सख्खी बहीण. दोघींना लिहिता येत नाही. दोन वर्षं मनकर्णा सांगते आणि मी लिहितो. तिकडे राही सांगते आणि तू लिहितोस. म्हणजे आपण दोघं दोन वर्षं दर पंधरा दिवसांनी एकमेकांना पत्र पाठवतो आहोत, आणि दोघंही घरातून उठून गेल्यासारखं करतो आहोत. राहीच्या मागच्या पत्रात लोणच्याची कृती क्रमांक टाकून आली होती, एक ते सात, आणि खाली "पहा: कैरी". ते राही बोलली असेल असं मला वाटत नाही.

या वेळचं पत्र मनकर्णाला वाचून दाखवताना मला थांबावं लागलं. राही लिहिते, "दाजींना म्हणावं, वही मी लपवली नाही. तिची पुठ्ठ्याची पाठ निघाली होती म्हणून बाइंडिंगला जाणाऱ्या गठ्ठ्यात ठेवली. गठ्ठा नगरला गेला त्याच आठवड्यात बदली झाली. परत आल्यावर कोणी मोजून घेतलं ते मला माहीत नाही. दाजींनी भाषण केलं नसतं तर मीच मोजून घेतलं असतं."

मनकर्णा म्हणाली, "राही गठ्ठा नगरला कधी घिऊन गेल्ती?" मी म्हणालो, राहीचं डोकं हल्ली दुखतं. ती म्हणाली, "तुमा दोघांचं दुखतं. पुढं वाचा."

भाषणाबद्दल. मी दोन वर्षांपूर्वी त्या दिवशी ग्रंथालयाच्या पायरीवर उभा राहून एवढंच म्हणालो की पुस्तकांचा हा तुरुंग आहे आणि इथले कर्मचारी जेलर आहेत. त्यात तुझं नाव घेतलं नव्हतं. जेलर एकवचनात नव्हता. नगरच्या साप्ताहिकाने छापताना "वक्त्याचा बंधू याच ग्रंथालयात नोकरीस आहे" हे स्वतःच्या पदरचं घातलं. मी त्यांना फक्त विचारल्यावर सांगितलं होतं.

असो. बाइंडिंगचा धागा मिळाला म्हणून मी पुन्हा विद्यापीठात गेलो. या वेळी बन्सीशी वाद घातला नाही, सरळ वाचनकक्षात जाऊन उभा राहिलो आणि बोललो. पंधरा मिनिटं. सगळीकडे "शांतता राखा" अशा पाट्या. मी त्या वाचल्या आणि म्हणालो, ज्या देशात पाण्यावाचून गावं उठतात तिथे पाण्याच्या ग्रंथांनी शांतता राखायची हा गुन्हा आहे. चार विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाचवा झोपला होता तो जागा झाला.

मग मुख्य ग्रंथपाल चांदोरकर आले. मी भांडायच्या तयारीत होतो. ते हातातला चष्मा पुसत म्हणाले, "बोरुडे, तुमचं म्हणणं खरं आहे. पण दर फेब्रुवारीत मोजणी होते. जे पुस्तक सापडत नाही त्याचा जबाब मला द्यावा लागतो. कपाट उघडं ठेवलं तर लोक वाचतील आणि मी जाईन. म्हणून मी कुलूप लावतो आणि घरी जाऊन मला झोप लागत नाही."

इतक्या वर्षांत माझ्या भाषणाला कुणी असं उत्तर दिलं नव्हतं. नियम चुकीचा आहे हे माझं मत कायम आहे. जो नियम पुस्तक हरवण्यापेक्षा पुस्तक न वाचलं जाणं परवडतं असं मानतो, तो बदललाच पाहिजे. पण त्या माणसावर ओरडता येईना.

त्यांनी स्वतःच्या सहीने मला महिन्याचा पास दिला. अट एकच: आवारात भाषण नाही. आणि १२ फेब्रुवारीला मोजणी सुरू होते, मग पंधरा दिवस दार बंद. त्याच्या आत काय ते शोधा म्हणाले.

सहादेव


२७ जानेवारी

रंगनाथ यास,

"श्री." काढला आहे. याहून जास्त अर्थ लावू नकोस.

नगरला जाऊन छगन बाइंडरला भेटलो. माळीवाड्यात एका बोळात त्याचं दुकान, दुकान म्हणजे खळीचं पातेलं, एक मोठं कापायचं यंत्र आणि छतापर्यंत कागद. मी विचारलं, एकाहत्तर साली विद्यापीठाचा गठ्ठा आला होता, त्यात एक मराठी वही होती, हाताने लिहिलेली.

तो म्हणाला, "आसंल."

असेल म्हणजे?

मग त्याने मला त्याची पद्धत सांगितली, आणि रंगनाथ, मी खाली बसलो. तुमचं विद्यापीठ परदेशी नियतकालिकांचे सुटे अंक वर्षभर साठवतं आणि त्यांचे जाड खंड बांधायला छगनकडे पाठवतं. छगनला इंग्रजी येत नाही. तो अंकांची मुखपृष्ठं फाडतो, जाहिराती फाडतो, कारण "त्येनं पाठ फुगती". मग राहिलेले सगळे कागद दोरीने मोजून उंचीप्रमाणे लावतो. बुटके बुटक्यांत, उंच उंचांत. चार बोटं जाडी झाली की शिवायचं, कडा कापायच्या, कापडी पुठ्ठा, वर चिठ्ठीत असेल ते सोनेरी अक्षरांत.

मी म्हणालो, अहो, पण कुठल्या नियतकालिकाचा अंक कुठे गेला?

"अण्णा, त्ये वाचनारानं बघायचं. माझ्याकडनं आजवर एक पान सुटलेलं न्हाई. विद्यापीठाचा एक खंड छतावरनं टाका, पान हलनार न्हाई."

तेव्हा हे आता तुझ्या खात्याला माहीत व्हावं: तुमच्या कपाटांतले साठ खंड विषयाने नाही, उंचीने लागलेले आहेत. उसाच्या रोगात अर्धी मातीची रसायनं आहेत. मी चांदोरकरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी एक खंड मागवून चाळला. मग म्हणाले, "दोन वर्षांत एकाही प्राध्यापकाची तक्रार आली नाही." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते माझ्या तक्रारीमुळे होतं की प्राध्यापकांची न आल्यामुळे, ते मी विचारलं नाही.

आबांची वही फुलस्केप उंचीची होती. त्या उंचीचे खंड एकोणीस. ते सगळे पानन्‌पान बघायचे. बन्सी एकेक आणून देतो. मी सकाळच्या गाडीने जातो, संध्याकाळच्या गाडीने येतो, मध्ये तोंड उघडत नाही. बन्सीला काळजी वाटू लागली आहे. काल त्याने घरून डबा आणला, म्हणाला, "तुमी गप बसल्यापास्नं मला जेवान जात न्हाई."

नऊ खंड झाले. शब्दकोश शेजारी ठेवून वाचतो. डच लोक समुद्राचं पाणी जमिनीतून बाहेर काढण्यासाठी भांडतात, हे तुला ठाऊक होतं? बाहेर. मी ते माळावर सांगितलं तर कुणी विश्वास ठेवला नाही.

एक सांगायचं राहिलं. तू वही द्यायला नको होतीस, हे मी आजवर पन्नास लोकांसमोर बोललो असेन. माझं मत अजून तेच आहे, थोडंसं.

सहादेव


७ फेब्रुवारी

रंगनाथा,

सापडली.

चौदावा खंड, बाहेरून सोनेरी अक्षरांत काँक्रीटच्या धरणांवरचं एक त्रैमासिक. पान २१२ वर भिंतीला भेगा का पडतात याचा तक्ता. पान उलटलं आणि आबा. तीच निळी शाई, तोच उजवीकडे कललेला "ळ". "चैत्र. दगडाबाईची विहीर. दोर रंगनाथ, गाठी सहादेव."

मी उभा राहिलो. बन्सी धावत आला, त्याला वाटलं भाषण सुरू होतंय. तो म्हणाला, "अण्णा, बोला. साहेब न्हाईत आज, बोला पायजे तर." मी मान हलवली आणि त्याला पान दाखवलं. त्याला पुस्तकांचे क्रमांक कळतात, वाचता येत नाही. त्याने बोट न लावता बघितलं आणि म्हणाला, "शाई चांगली हाय."

वही चौऱ्याऐंशी पानांची, चौऱ्याऐंशी पानं आहेत. छगन खरं बोलतो, एकही सुटलेलं नाही. खंड बाहेर नेता येत नाही, आणि उसवायचा तर समिती बसवावी लागते आणि समिती जूनमध्ये बसते. म्हणून मी उतरवून घ्यायला बसलो. चांदोरकरांनी स्वतःच्या टेबलावरचा कागद दिला.

उतरवता उतरवता एक गोष्ट लक्षात आली, आणि ती लिहायला मी तीन दिवस लावले.

आबा पानाच्या एकाच बाजूला लिहायचे. डावीकडे विहिरीचं नाव, मध्ये मजकूर, आणि ओल्या गाठींचा आकडा अगदी उजव्या कडेला, एकाखाली एक, म्हणजे नजर टाकली की कळावं. छगनने शिवल्यावर कडा कापल्या. एक बोटभर. फार नाही.

आकडे नाहीत, रंगनाथ. एकवीस वर्षांचे सगळे आकडे छगनच्या यंत्राखाली गेले. काही ठिकाणी आकड्याचं नुसतं पोट उरलं आहे. ते पाचाचं की सहाचं, मी भिंगातून बघितलं, चांदोरकरांनी बघितलं, शेवटी बन्सीनेही बघितलं.

आता बावन्नचं पान. शके १८७४, वैशाख. ते पान मी जसंच्या तसं उतरवतो:

"नऊही विहिरी आज मोजल्या. सहादेव कोल्हारला सभेस गेला. दोर मी धरला. ओल्या गाठी रंगनाथाने मोजल्या. पोराचा आकडा चुकत नाही. दगडाबाईची विहीर, रंगनाथ म्हणतो". पुढे कापलं. "चिंचेखालची, रंगनाथ म्हणतो". कापलं. "साळूबाईची, रंगनाथ म्हणतो". अशा नऊ ओळी. नऊ वेळा रंगनाथ म्हणतो, आणि काय म्हणतो ते नाही.

मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं की मला ते चांगलं आठवतं. मला आठवत नाही. मी तिथे नव्हतो. मी अठरा वर्षांचा होतो आणि कोल्हारच्या बाजारतळावर पाण्याच्या प्रश्नावर बोलत होतो. भाषण उत्तम झालं होतं. तू दहा वर्षांचा होतास आणि उन्हात ओल्या गाठी मोजत होतास.

आणखी एक. सत्तर साली ग्रंथालयाच्या उद्घाटनाला शेतकऱ्यांच्या वतीने मी बोललो होतो. काय बोललो ते मी माझ्या टिपणवहीत बघितलं, कारण मला खात्री होती की मी असं काही बोललो नसेन. बोललो आहे. "तुमच्या माळ्यावर, ट्रंकेत, उतरंडीत जो कागद पडला असेल तो इथे आणून द्या. ज्ञान घरात कोंडणारा माणूस शेजाऱ्याचं पाणी तोडणाऱ्यासारखा आहे." समोरच्या रांगेत तू बसला होतास. चार दिवसांनी तू वही नेऊन दिलीस. माझ्या आयुष्यात माझं भाषण ऐकून कुणी काही केलं असेल तर ते तू, एकट्याने, आणि त्याबद्दल मी तुला आबांच्या ओट्यावरून घालवलं.

मनकर्णाला हे वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "हे तवाच म्हाईत हुतं मला. तुमाला सांगून उपेग न्हवता, तुमी बोलत हुता."

सहादेव

ता. क. बदलीबद्दल. पायरीवरच्या भाषणानंतर विद्यापीठाच्या साहेबांनी मला विचारलं होतं, तुमच्या भावाला त्रास होणार असेल तर तसं सांगा, आम्ही प्रकरण वाढवत नाही. मी म्हणालो होतो, तत्त्वापुढे भाऊ नाही. म्हणजे संबंध होता.


१४ फेब्रुवारी, बुधवार

चिरंजीव रंगनाथ यास सहादेवाचे आशीर्वाद. राखून ठेवलेले सगळे एकदम पाठवत आहे, जपून उघड.

काल राहीचं पत्र आलं. क्रमांक नव्हते. चारच ओळी. "हे म्हणतात, आकडे आठवतात. नऊही. पण घरात बसून सांगता येत नाहीत, विहिरीच्या काठावर उभं राहिलं की तोंडात येतात. आणि हे म्हणतात, दाजींनी आजवर जाब मागितला, हुकूम केला, जाहीर सभेत विचारलं. एकदा नुसतं विचारावं."

मनकर्णाने मला ते तीनदा वाचायला लावलं. मग समोर बसली आणि म्हणाली, लिहा. मी विचारलं, काय लिहू? ती म्हणाली, "माझं काय लिवता? तुमचं लिवा."

तासभर झाला. पहिल्यांदा लिहिलं, "या ऐतिहासिक घडीला". फाडलं. मग लिहिलं, "माळाची अकरा घरं तुझ्याकडे डोळे लावून". तेही खरं आहे, तरी फाडलं. अकरा घरांना मी अजून काही सांगितलेलं नाही. काल बैठकीत सगळे विचारत होते, अण्णा, वहीत काय निघालं? मी म्हणालो, सोमवारी सांगतो. एवढं छोटं वाक्य माझ्या तोंडून ऐकून मंडळी घाबरली. दोन घरांनी गाडीला वंगण घालून ठेवलंय, छावणीला निघायला.

मोजणी सुरू झाली आहे, मुख्य ग्रंथालयाला कुलूप आहे. तुझ्या शाखेतही मोजणी असेल. चारशे बारा पुस्तकं आहेत म्हणे तिथे, आणि वाचक एक, तू. चारशे बारा मोजायला तुला पंधरा दिवस लागतात हे मी मानत नाही. पहिल्या दुपारी मोजून झाली असतील आणि तू चांदोरकरांना वाईट वाटू नये म्हणून रोज पुन्हा मोजत असशील. त्यांना मी विचारून ठेवलंय. ते म्हणाले, रविवार हा कर्मचाऱ्याचा स्वतःचा. आणि म्हणाले, आकडे मिळाले तर एका कागदावर लिहून द्या, मी ते कार्डावर चढवतो आणि ते कार्ड बाहेरच्या खणात ठेवतो, कुलपाशिवाय. मी त्यांना या मुद्द्यावर बोलायचं का विचारलं, ते नको म्हणाले.

दोर मी शोधून काढला. माळ्यावर होता, उंदरांनी एक टोक खाल्लंय, पण गाठी साबूत आहेत. कालच तो भिजवून ताणून ठेवला. दगडही तोच मिळाला, मनकर्णा त्याने मसाला वाटत होती.

आता विचारतो. मला माहीत नाही, रंगनाथ. बावन्न साली पाणी कोणत्या विहिरीत टिकलं? तुला आठवतं का? सांगशील का?

सांगितलंस तर माळावर तू बोल, मी मागे उभा राहीन. कुणी शंका काढली तरी मी तोंड उघडणार नाही. बन्सीला विचार, मला जमतं.

येत्या रविवारी, १८ तारखेला, पहिल्या एस.टी.ने राहीला घेऊन नीघ, कोल्हारच्या फाट्यावर उतर. मी तिथे दोर घेऊन उभा असेन. तू दुसरं टोक धर.